वाढणाऱ्या पोरी जेवल्या का?

आमच्या शाळेत दुपारची खिचडी शिजवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणायचे. मुलं म्हणायची, मुलांच्या आया म्हणायच्या, तपासणीला येणारे केंद्रप्रमुख म्हणायचे आणि मीही म्हणायचे. खरं तर त्या माझ्याहून चार महिन्यांनी लहान. सरकारी कागदावर त्यांचं पद ‘स्वयंपाकी तथा मदतनीस’ असं होतं. पैकी मदत त्यांनी कधी कुणाची घेतली नाही आणि हुकूम मात्र सगळ्यांना सोडले. हे पद ‘स्वयंपाकी तथा मुख्याध्यापक’ असं पाहिजे, असं आमचे मुख्याध्यापक सर स्वतःच म्हणायचे. अर्थात मावशी पाणी आणायला गेल्यावर.

शाळा लोणावळ्याहून कुरवंड्याकडे जाताना आत वळलं की लागणाऱ्या एका वाडीत. दोन खोल्या, दोन शिक्षक आणि मागे पत्र्याची स्वयंपाकाची शेड. मी लोणावळ्याहून ये-जा करायचे. एकोणीस वर्षं केली.

मावशींचा नियम एकच. शेवटचं माणूस जेवल्याशिवाय आपण घास घ्यायचा नाही. ऐकायला सोपा वाटतो, पण शेवटचं माणूस कोण, हे मावशी ठरवणार. आधी मुलं. मग अंगणवाडीतली बारकी. मग आम्ही दोघं शिक्षक. मग समोरच्या बांधावर म्हशी राखणारा म्हातारा, त्याला हाक मारून आणायचा. मग वाडीत गॅसच्या टाक्या घेऊन आलेला टेम्पोवाला. नागफणीला निघालेले पुण्याचे ट्रेकर रस्ता विचारायला फाटकातून आत डोकवायचे, ते तर आयतेच सापडायचे.

“आदी बसा,” मावशी म्हणायच्या. “रस्ता कुटं पळून चाललाय?”

दीड-दोनशे रुपयांचं पाणी पाठीवर घेऊन आलेली ती चष्मेवाली मुलं मुकाट पहिलीच्या पोरांच्या रांगेत मांडी घालून बसायची. एकदा एक दाढीवाला म्हणाला, मी सध्या भात खात नाही. मावशींनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं दोनदा मागून घेतला. एवढं सगळं झालं की शाळेतली कुत्री, आणि तिला पिल्लं असली तर ती पिल्लं. मग कुठं मावशींची पाळी. तोवर आमची शाळा सुटलेली असायची आणि आम्ही दप्तर आवरून रस्त्याला लागलेले असायचो.

या नियमापायी त्या एकदा पडल्या. स्नेहसंमेलनाचा दिवस होता. एक पालक मंडपवाल्याची शिडी परत द्यायला गेला होता आणि तो जेवायचा राहिला होता. मावशी त्याच्यासाठी थांबल्या. तो शिडी देऊन परस्पर पाहुण्यांकडे गेला आणि तिथंच जेवला. हे कळायला चार वाजले आणि कळल्या कळल्या मावशी पातेल्यावर आडव्या झाल्या. मी त्यांना रिक्षात घालून लोणावळ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं समजलं, शुगर आहे, आणि बरीच आहे. डॉक्टर रागावले. दर चार तासांनी पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, गोळ्या घेऊन उपाशी राहिलात तर एखाद्या दिवशी उठणार नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं. मावशींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुमी जेवला का, डाक्टर?”

संध्याकाळचे साडेपाच झाले होते आणि डॉक्टर खरोखरच जेवले नव्हते. त्यांनी कंपाउंडरला वडापाव आणायला पाठवलं. तो येईपर्यंत मावशींनी पाण्याचा घोटही घेतला नाही. डॉक्टर एका हातात वडापाव धरून दुसऱ्या हातानं मावशींचा बीपी घेत उभे होते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुसरी भानगड चवीची. मुलांना जेवण वाढण्याआधी शिक्षकानं ते चाखायचं आणि चव रजिस्टरमध्ये शेरा लिहून सही करायची, असा सरकारी नियम आहे. बहुतेक शाळांत हे काम शनिवारी बसून आठवड्याचं एकदम होतं. आमच्याकडे नाही. आमच्याकडे शिक्षकानं मुलांसमोर उभं राहायचं, पूर्ण चमचा घ्यायचा, गिळायचा आणि मोठ्यानं सांगायचं. मी रजेवर असताना एकदा सरांची पाळी आली आणि नेमकी त्या दिवशी संकष्टी. सर म्हणाले, मी नुसता वास घेतो आणि लिहितो.

“वासाचं रजिस्टर येगळं काढा,” मावशी म्हणाल्या. “ह्ये चवीचं हाय.”

“अहो, माझा उपास आहे.”

“मग पोरांना बी आज उपास.”

आणि त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवून वर पाटा ठेवला. चाळीस पोरं रिकाम्या ताटल्या घेऊन सरांकडे बघत बसली. सरांनी अर्धा तास तग धरला. मग त्यांनी चमचा घेतला, मोडलाच आहे उपास तर म्हणून ताट घेतलं, आणि मटकीची उसळ तीनदा वाढून घेतली. पुढच्या संकष्टीपासून त्यांनी उपास धरणंच सोडून दिलं. म्हणाले, आता देवालाच कळेल काय ते.

हे सगळं मी हसत हसत सांगते, पण त्या चमच्यामागे एक गोष्ट आहे आणि ती हसण्यासारखी नाही. मावशी वाडीतल्या बौद्ध घरातल्या. त्या कामाला लागल्या तेव्हा दोन घरची पोरं घरून डबा आणायला लागली. कारण कुणी बोललं नाही, सगळ्यांना माहीत होतं. मावशी भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त नियमाचं पुस्तक मला वाचायला लावलं आणि चवीचा तो नियम निघाल्यावर म्हणाल्या, बाई, उद्यापास्नं तुमी सगळ्यांसमोर खायाचं. दुसऱ्या दिवशी मी उभी राहिले आणि चमचा नुसता ओठाला लावला. का, ते लिहायला लाज वाटते. मी स्वतःला सुधारलेली समजत होते. मावशी माझ्या गळ्याकडे बघत होत्या.

“बाई, गिळा,” त्या हळूच म्हणाल्या.

मी गिळलं. दुसरा चमचा मी मागून घेतला आणि त्यानंतर मला सांगावं लागलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या दोन घरची पोरं रांगेत येऊन बसली. मावशींनी त्यांना वाढताना एक शब्द काढला नाही, डाव मात्र भरून घातला.

आता विमानाकडे येते, कारण मावशी म्हटलं की मला आधी विमानच आठवतं.

मावशींचा नवरा लवकर गेला, पाठी एकच मुलगी. माझीच विद्यार्थिनी. वाडीतली पहिली नर्स झाली आणि तिथून इंग्लंडमधल्या एका इस्पितळात लागली. मागच्या वर्षी तिला नववा महिना लागला. जावयाची ड्यूटी अशी की आठवड्यातले चार दिवस घरात ती एकटी. आई यायला हवी होती. मला माझ्या मुलाकडे तिकडेच जायचं होतं, म्हणून लेकीनं आम्हा दोघींची तिकिटं एका विमानात जमवली आणि मला फोन केला.

“बाई, तुमच्यावर टाकते बघा. आईला विमानात जेवायला घाला. ती वेळेवर जेवली नाही तर तिथंच चक्कर येऊन पडेल. पडली तर तिला विमानातनं स्ट्रेचरवर उतरवतील, आणि मी हिकडं एकटी, या पोटासकट. तिला माझ्यापाशी तिच्या पायांवर चालत यायला पाहिजे.”

मी म्हणाले, माझा शब्द. मी तीनदा विमानात बसलेली बाई. एका बाईला जेवायला घालणं म्हणजे काय अवघड!

तरी मी तयारी केली. लोणावळ्याला माझ्या घरी दोन खुर्च्या पुढे-मागे ठेवल्या, मधे गुडघा जेमतेम मावेल एवढी जागा. मांडीवर पोळपाट ठेवला, तो ट्रे. मी हवाईसुंदरी झाले. अडुसष्ट किलो वजनाची हवाईसुंदरी चहाची ट्रॉली ढकलत येते, हे पाहून माझे यजमान उठून बाहेर गेले ते जेवायच्या वेळेलाच आले.

मी समजावून सांगितलं. विमान वर गेल्यावर तासाभरानं पहिलं जेवण. ते आधी शिजवून, गार करून आणलेलं असतं, वर फक्त गरम करतात. ट्रेमध्ये एक चांदीच्या कागदानं झाकलेली डबी, तिच्यात भात-भाजी. एक पाव, तो दगडासारखा. बोटभर लोणी. वाटीभर सॅलड, काहीतरी गोड. वर गेल्यावर जिभेला नीट चव लागत नाही म्हणून सगळं अळणी वाटतं. मागून मिळतं, पण मागावं लागतं. कुणी आग्रह करत नाही. जेवताना खुर्ची सरळ करायची, म्हणजे मागच्याच्या ताटावर आपली पाठ येत नाही. जेवणाची गाडी रस्त्यात उभी असताना बाथरूमला जाता येत नाही. मागच्या रांगेपर्यंत येईस्तोवर पनीर संपतं, मग जे उरेल ते. उतरायच्या दोन तास आधी पुन्हा थोडं खायला आणि चहा.

मावशी पोळपाट धरून लक्षपूर्वक ऐकत होत्या. शेवटी त्यांनी फक्त विचारलं, “पंगत कितीची?”

“तीनशेची असेल.”

“आन वाढपी?”

“दहा-बारा.”

“कमी हायत,” त्या म्हणाल्या आणि पोळपाट खाली ठेवला. मला वाटलं, धडा संपला.

लोणावळ्याहून सकाळी निघालो. साडेनऊला गाडीत थालीपीठ खाल्लं. म्हणजे मी आणि ड्रायव्हरनं आधी, मग मावशींनी, चालत्या गाडीत, खिडकीकडे तोंड करून. विमानतळावरच्या रांगा, तपासण्या, सरकते जिने यांत दुपारचे दोन वाजले तेव्हा विमान उडालं. आमच्या खुर्च्या मागून चौथ्या रांगेत. मावशी मधल्या खुर्चीत. पलीकडे कानात काहीतरी घालून बसलेला एक मुलगा. विमान उडालं याचं मावशींना काही वाटलं नाही. त्या माना मोजत होत्या.

मी पर्समधून बिस्किटांचा पुडा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो फोडला, एक कानवाल्या मुलाला दिलं, एक पुढच्या बाईच्या लेकराला दिलं, आणि पुडा पुढे धाडला. तो सहा रांगा फिरून रिकामा परत आला. कुणीतरी आत एक चॉकलेटचा कागद घालून ठेवला होता.

आणि मग तो घोटाळा झाला जो माझ्या लक्षात यायला हवा होता. लेकीनं आईच्या शुगरसाठी वेगळं जेवण सांगून ठेवलं होतं. विमानात असं वेगळं जेवण सगळ्यांच्या आधी येतं. हसऱ्या चेहऱ्याची एक मुलगी, पाटीवरचं नाव मी इथं लिहीत नाही, थेट आमच्या रांगेशी आली आणि तिनं मावशींच्या पुढ्यात ट्रे ठेवला. अख्ख्या विमानात एकट्या मावशींच्या पुढे जेवण.

एकोणीस वर्षं सगळ्यांच्या शेवटी जेवलेल्या बाईला तीनशे माणसांच्या आधी ताट वाढलं. मावशींचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांना चोरीचा माल दिला. त्यांनी ट्रेवर पदर टाकला.

“मावशी, तुमचंच आहे ते. स्पेशल आहे.”

“लोकं बघत्यात.”

“बघू देत. खा.”

“तीनशे माणूस तोंड बघत बसलंय आन मी एकटी खाऊ? बाई, तुमी मास्तरीण हाय का कोन हाय?”

पाऊण तासानं गाडी आली. पनीर की चिकन, पनीर की चिकन करत सगळ्यांना वाढून झालं. मी माझा ट्रे उघडलासुद्धा नाही, मावशींकडे बघत राहिले. आता तरी. मावशींनी मान उंच करून पुढच्या रांगा बघितल्या, मागच्या बघितल्या, पदर बाजूला केला, डबीचा कागद एका कोपऱ्यातून उचलला आणि परत बसवला.

“त्या पोरी?”

“कोणत्या पोरी?”

“वाढणाऱ्या. जेवल्या का?”

“त्यांचं त्यांना असतं हो.”

“बघितलं तुमी?”

मी कशाला बघेन? मी ठोकून दिलं, “जेवल्या.”

“खोटं बोलताय, बाई. चौथीच्या पोरांना कळंल.”

ती हसरी मुलगी ट्रे गोळा करायला आली. ती नाशिककडची निघाली, मराठी बोलणारी. माझा न उघडलेला ट्रे तिनं उचलून नेला, मला भानच नव्हतं. मावशींनी त्यांचा ट्रे दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि तिलाच विचारलं, “बाय, तुमी कवा जेवता?”

“आम्ही नंतर मावशी. सगळ्यांचं आवरलं की.”

“मग मी बी तवाच,” मावशी म्हणाल्या, आणि त्या पोरीकडे पहिल्यांदाच मोकळं हसल्या.

घड्याळात चार वाजून गेले होते. थालीपीठ होऊन साडेसहा तास. गोळी सकाळीच घेतलेली. मी त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब पाहिले. हात ट्रेवर होते आणि ट्रेमधला चमचा आपोआप वाजत होता. मला ती स्नेहसंमेलनाची दुपार आठवली. मी चिडले, मग घाबरले, मग दोन्ही एकदम झाले.

“मावशी, तुम्ही पडलात तर हे विमान मधेच कुठंतरी उतरवतील. लेक तिकडं वाट बघतेय. नववा महिना आहे तिचा. तिच्यासाठी तरी खा.”

“मला काय कळत न्हाई का?” मावशींचा आवाज बारीक झाला होता. “पर गळ्याखाली उतरतच न्हाई, त्याला मी काय करू? कवापास्नं बघतीया मी, घास उचलते आन हात थांबतोय.”

तेव्हा मला कळलं, हा हट्ट नाही. मी उठले आणि मागच्या पडद्याआड गेले. तिथं वाढणाऱ्यांचा मुकादम होता, पांढऱ्या मिशांचा जाडसर गृहस्थ. मी छत्तीस वर्षांच्या नोकरीत अधिकाऱ्यांना खूप अर्ज केले, पण असा नाही केला. म्हटलं, मेहेरबानी करके आप लोग हमारी मावशी के सामने खाना खाइए.

“मॅडम, हम लोग पर्दे के पीछे खाते हैं. नियम है.”

“पडदा उघडा ठेवा.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मान बाहेर काढून मावशींकडे पाहिलं. घामाघूम झालेली, डोळे मिटायला आलेली, तरी ट्रे सोडत नसलेली. त्या माणसाला मी अजून दुवा देते. त्यानं शिट्टीसारखा काहीतरी आवाज काढला आणि चौघांना बोलावलं.

पुढचं दृश्य असं. अधांतरी, पस्तीस हजार फुटांवर, कडक इस्त्रीच्या गणवेशातली चार माणसं आमच्या रांगेशी रस्त्यात उभी राहून डब्यातून जेवताहेत, आणि मावशी खालून प्रत्येकाच्या घासाकडे बघताहेत. “भात घे की. एवढासाच?” “ए बाळा, उभ्यानं पानी पिऊ नगं.” मागच्या लोकांना वाटलं, इथं जास्तीचं मिळतंय. ते उठून रांगेत उभे राहिले. बाथरूमला जाणारे त्या रांगेत अडकले आणि तेही आपण कशासाठी उभे आहोत हे विसरले. तशा अवस्थेतही मावशी ओरडल्या, “बसा बसा, जाग्यावर वाढत्यात!” आणि आश्चर्य म्हणजे सगळे बसले.

मावशींनी चमचा उचलला. मी देवाचं नाव घेतलं. तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं की त्या चौघांच्या मागे नाशिकवाली मुलगी नुसतीच उभी आहे.

“तू गं?”

“मी विमानात जेवत नाही, मावशी. उतरल्यावर खाते.”

चमचा खाली. मी त्या मुलीचा गळा धरणार होते. मुकादमानं कुठूनतरी एक केळं आणलं आणि तिच्या हातात दिलं. चालेल का, असं त्यानं मावशींना डोळ्यांनी विचारलं. मावशींनी विचार केला. म्हणाल्या, “सगळं खायाला लाव.” मुलीनं केळं संपवलं, साल दाखवली.

“आन गाडी हाकणारे?”

आता मात्र मुकादमानं हात जोडले. त्यानं भिंतीवरचा फोन उचलून पुढे विचारलं आणि येऊन सांगितलं, कॅप्टनचं जेवण झालंय. दोन्ही वैमानिकांना वेगवेगळं जेवण देतात आणि एकदम देत नाहीत. एकाला काही बाधलं तर दुसरा चालवायला शाबूत पाहिजे. मी भाषांतर केलं.

मावशींचा चेहरा उजळला. “म्हंजी चव घेत्यात आदी! बघा बाई, शानी मानसं हायत. मी म्हनतच हुते.”

आणि त्यांनी डबीचा कागद ओढून काढला. मी घाईघाईनं फोन चालू करून चित्रण सुरू केलं. लेकीला नुसता शब्द पुरणार नाही, पुरावा लागेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मावशी खाली मान घालून जेवायला लागल्या. पदर पुढे ओढलेला, एक हात ट्रेच्या कडेला, घास लहान आणि भराभर, मधे एकदा थांबून बाजूला कोण आहे ते बघून घेतलं. भात संपवला, उकडलेल्या भाज्या संपवल्या, दगडासारखा पाव पाण्यात बुडवून संपवला. डबीचे कोपरे बोटानं पुसले. त्या चार गणवेशवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्या इतक्या लाजल्या की तोंड झाकून घेतलं. दहा मिनिटांनी हाताचा कंप थांबला. पंधरा मिनिटांनी त्या घोरायला लागल्या आणि मी भुकेनं कळवळत, मुकादमानं शोधून दिलेल्या एका थंड पावावर पुढचं खाणं येईपर्यंतचा वेळ काढला.

उतरायच्या आधीचं खाणं आलं तेव्हा मुकादमानं स्वतः अक्कल चालवली. सगळ्यांना दिलं, त्यांची माणसं चहा पिऊन मोकळी झाली आणि मग अगदी शेवटी तो मावशींचा ट्रे घेऊन आला. “मावशीजी, सब का हो गया. कॅप्टन का भी.” मावशींनी त्याला दोन्ही हात जोडून जयभीम केला.

लंडनच्या विमानतळावर मावशी त्यांच्या पायांवर चालत बाहेर आल्या. खाकी पट्ट्याच्या पिशवीसकट, माझ्या दोन पावलं पुढे. कठड्यापलीकडे लेक उभी होती, पोटावरून स्वेटरची बटणं लागत नव्हती. आईनं तिला जवळ घेतलं, गालावरून हात फिरवला आणि लगेच माझ्या मुलाकडे वळून विचारपूस सुरू केली. तो आम्हाला न्यायला कामावरून परस्पर आला होता, म्हणजे तो जेवला असणं शक्यच नव्हतं.

लेकीनं मला बाजूला ओढलं. “बाई, जेवली का ती?”

“जेवली.”

“खरं सांगा. मला ती पण असंच सांगते.”

मी फोन काढून तिच्या हातात दिला. पाच मिनिटांचं चित्रण. ती बघत राहिली. मला वाटलं, पाव पाण्यात बुडवायच्या जागी ती हसेल, टाळ्यांच्या जागी हसेल. हसली नाही. संपलं तरी तिनं फोन खाली केला नाही.

“काय झालं गं?”

“काही नाही.” तिनं नाक ओढलं. “मी झोपल्यावर जेवायची ती. सकाळी उठून बघावं तर ताट घासून पालथं घातलेलं असायचं. मोठी झाल्यावर हॉस्टेलला गेले. बाई, मी हिला जेवताना कधी बघितलंच न्हवतं. अशी जेवते व्हय माझी आई?”

एकोणीस वर्षं मी मावशींच्या हातचं जेवले होते, आणि मी तरी कुठं बघितलं होतं? मागे मावशी माझ्या मुलाला दटावत होत्या, की सकाळी काय खाल्लंस ते विचारत न्हाई, आता काय खाल्लंस त्ये सांग.

लेकीनं फोन परत माझ्यापुढे धरला.

“परत लावा की, बाई.”